भाकरीची नोंद

वसई रोड स्थानकाच्या पूर्वेला तुंगारेश्वरच्या डोंगराकडे जाताना गोखिवरे लागते. मी इथेच राहते. भाताच्या खाचरांच्या जागी आता कारखान्यांचे गाळे, चाळी आणि सात-सात मजली इमारती आहेत, आणि गाव वसई-विरार महापालिकेत आहे. ही महापालिका २००९ साली स्थापन झाली. गावची जुनी शेती समजून घ्यायची तर कागद भरपूर आहेत. सातबारा आहे, फेरफाराच्या नोंदी आहेत, १८८२ सालचे ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर आहे. त्या गॅझेटियरात भात, ऊस, केळी, मिठागरे, धारा, जातीजमाती यांचा बारीक हिशेब मिळतो. राब कसा भाजतात तेही वाचायला मिळते. मात्र भाजलेल्या राबातले आवण उपटून, पावसात कंबर मोडेस्तोवर वाकून ते लावणारी बाई या कागदांत एखाद्या जातीच्या वर्णनापुरती येते आणि निघून जाते. तिला नाव नसते. सातबाऱ्यावर तिचे नाव चढते ते बहुधा नवरा गेल्यानंतर, वारस म्हणून.

शेतकरी घरातल्या बाईचे आयुष्य तिच्याच तोंडून आणि तपशिलासह नोंदले गेले आहे, असे एखादे उदाहरण हवे म्हणून मी शोधू लागले, आणि त्या शोधात मला कोकण सोडून कृष्णाकाठी जावे लागले. तिथे हौसाताई पाटील भेटल्या. क्रांतिसिंह नाना पाटलांची कन्या आणि तुफान सेनेची सैनिक म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. ‘क्रांतिवीरांगना’ ही पदवी त्यांच्या नावामागे कायमची लागली आहे. या लेखात मला पाहायचे आहे ते त्या पदवीच्या आडोशाला राहिलेले. हौसाताई जन्माने, लग्नाने आणि कामाने शेतकरी घरातल्या बाई होत्या. त्यांच्या धाडसाच्या गोष्टी सगळीकडे सांगितल्या जातात. त्याच गोष्टी शेतकरणीच्या बाजूने वाचल्या, तर प्रतिसरकारचा इतिहास थोडा वेगळा दिसू लागतो.

जप्त झालेले घर

हौसाताईंचा जन्म १२ फेब्रुवारी १९२६ चा. गाव येडे मच्छिंद्र, तालुका वाळवा. तेव्हा हा मुलूख सातारा जिल्ह्यात होता. १९४९ साली त्यातून दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा निघाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. वडील नाना रामचंद्र पाटील, जन्म १९००. ते तलाठी होते. तलाठ्याची नोकरी म्हणजे गावात मान, दरमहा पगार आणि दफ्तराची सत्ता. कायदेभंगाच्या दिवसांत, १९३० मध्ये, त्यांनी ती सोडली आणि पुढचे आयुष्य चळवळीला दिले. हौसाताई तीन वर्षांच्या असताना आई गेली होती. मूल आजीच्या अंगाखांद्यावर वाढले. बाप घरात कमी आणि तुरुंगात किंवा सभेत जास्त, असे ते बालपण होते.

१९४२ च्या ऑगस्टनंतर नाना पाटील भूमिगत झाले आणि चाळीसहून अधिक महिने पोलिसांच्या हाती लागले नाहीत. फरारी माणूस सापडत नाही तेव्हा सरकार त्याच्या घराकडे वळते. नानांचे घर आणि जमीन जप्त झाली. चरित्रग्रंथांत ही घटना बहुधा एका वाक्यात उरकते, कारण चरित्र नानांबरोबर पुढच्या गावी निघून जाते. मागे राहिलेल्यांचे काय झाले, हे हौसाताईंनी उतारवयात सांगितले. पत्रकार पी. साईनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहासाठी नोंदवले. साईनाथांच्या ‘द लास्ट हीरोज’ या २०२२ च्या पुस्तकातही हौसाताईंची कहाणी आहे.

त्यांच्या सांगण्यात ठळक राहते ती चूल. पोलिसांच्या भीतीने गावातले लोक या घराशी बोलेनासे झाले. वाण्याकडे मीठ मागितले तर दुसरीकडून घ्या म्हणून उत्तर मिळे. घरात शिजवायला काही नसले की उंबराच्या दोड्या आणायच्या आणि त्यांची भाजी करायची. उंबर फळांनी लगडलेला असतो, पण त्याची भाजी कोणी हौसेने करत नाही. ते दुष्काळातले खाणे. मीठ न विकण्याची शिक्षा कुठल्या कायद्यात लिहिलेली नव्हती, पण जप्तीच्या हुकमाइतकीच ती खोल लागली. ज्या देशाने नुकताच मिठासाठी सत्याग्रह केला होता, त्या देशातल्या एका सत्याग्रह्याच्या घरात मीठ नव्हते.

मग नात्यातल्या माणसांनी एक बैलजोडी आणि गाडी दिली. त्या गाडीच्या भाड्यावर घर चालू लागले. गूळ, शेंगा, धान्य, जे मिळेल ते वाहायचे. येडे मच्छिंद्रहून ताकारीपर्यंतची खेप साधारण बारा किलोमीटरची, तिचे तीन रुपये. कऱ्हाडपर्यंतची त्याहून बरीच लांब, तिचे पाच. हौसाताईंना सत्तरहून अधिक वर्षांनंतरही हे दर पाठ होते. आजी शेतात राबे. पोरीच्या वाट्याला बैलांची वैरण, शेंगा तोडणे आणि भाजीपाला आला.

हे आकडे मला महत्त्वाचे वाटतात. स्वातंत्र्यचळवळीच्या आठवणी सांगणारे पुरुष सहसा तारखा, सभा आणि ठराव सांगतात. हौसाताई भाड्याचे दर सांगतात. घराचा हिशेब ज्याने चालवला त्याच्याच स्मरणात असे दर राहतात. नाना पाटील भूमिगत राहू शकले ते त्यांच्या धैर्यामुळे, यात शंका नाही. पण त्या धैर्याच्या मागे तीन रुपयांची खेप करणारी एक बैलगाडी होती आणि तिच्या बैलांना वैरण घालणारी एक पोर होती.

तीस भाकरी

१९४३ पासून साताऱ्यात प्रतिसरकार उभे राहिले. दीडशेहून अधिक गावांत त्याचा अंमल चाले. तंटे सोडवायला न्यायदान मंडळे, दारूबंदी, सावकारांवर आणि गुंडांवर वचक, रेशनच्या धान्याचे वाटप, गावोगाव वाचनालये, आणि थोड्या खर्चातली ‘गांधी लग्ने’. इंग्रज आणि त्यांचे हस्तक याला ‘पत्री सरकार’ म्हणत. गुन्हेगाराच्या तळपायांवर फटके मारण्याच्या शिक्षेवरून हे नाव पडले आणि मग लोकांनीही ते कौतुकाने घेतले. प्रतिसरकारचा सशस्त्र हात म्हणजे तुफान सेना. जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ म्हणजे रामचंद्र श्रीपती लाड हे तिचे सेनानी. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ पुणे-मिरज गाडी अडवून तिच्यातली सरकारी पगाराची रक्कम सेनेने पळवली. कुंडल हे या हालचालींचे केंद्र. ते औंध संस्थानात होते. १९३९ मध्ये प्रजेला कारभार सोपवणारी राज्यघटना देणाऱ्या संस्थानाच्या हद्दीत ब्रिटिश पोलिसांना मनमानी करता येत नसे, आणि त्याचा फायदा चळवळीला झाला.

हा सगळा इतिहास लिहिला गेला आहे. त्यातला एक प्रश्न मात्र मला सारखा टोचतो. ही माणसे जेवत कुठे?

भूमिगत कार्यकर्ता हॉटेलात जेवत नाही आणि स्वतःच्या घरी जाऊ शकत नाही. रोज रात्री वेगळ्या गावात, वेगळ्या वस्तीवर, वेगळ्या घरी त्याला भाकरी लागते. आपण साधा हिशेब मांडू. दहा माणसांची एक तुकडी रात्री वस्तीवर आली. चालून दमलेला माणूस तीन भाकरी तरी खाणार. म्हणजे तीस भाकरी. एका भाकरीला शंभर-सव्वाशे ग्रॅम ज्वारीचे पीठ धरले, तर एका वेळेला तीन ते चार किलो पीठ झाले. त्या घरातली बाई घरच्या पाच-सात माणसांसाठी पहाटे उठून जात्यावर दळत असे. त्यावर आता हे चार किलो. गिरणी असलेल्या गावात जास्तीचे दळण नेले तर चार डोळे वळणार, म्हणून जादा पीठ घरच्या जात्यावरच निघत असणार, असा माझा कयास आहे. पुढे चूल. रात्री अकरा वाजता एखाद्या घरातून धूर निघतो याचा अर्थ पाटलाला, पोलिसपाटलाला आणि खबऱ्याला बरोबर कळतो. तीस भाकरी थापायच्या तर काकणांचा आणि परातीचा आवाजही होणारच. पाहुणे कोण, असे शेजारणीने विचारले तर उत्तर तयार हवे.

हा हिशेब फक्त एका घराचा, एका रात्रीचा. प्रतिसरकार सुमारे तीन वर्षे चालले. अन्नाबरोबर इतरही कामे या बायकांकडे येत. निरोप टोपलीत, जळणाच्या मोळीत किंवा अंबाड्यात जात. हत्यार धान्याच्या कणगीत किंवा कडब्याच्या गंजीत जाई. पोलीस आले की ‘मालक गावाला गेल्यात’ असे सरळ चेहऱ्याने सांगायचे ते घरच्या बाईने. हे काम सापडले असते तर तिच्यावरही येडे मच्छिंद्रच्या घरासारखीच वेळ आली असती, आणि शेतकऱ्याच्या घरी जप्ती म्हणजे बैल, भांडी आणि पुढच्या हंगामाचे बी जाणे.

हौसाताईंचे महत्त्व मला इथे दिसते. त्या या दोन्ही बाजूंना उभ्या होत्या. जप्तीच्या घरात मीठ शोधणारी पोर त्या होत्या, आणि पुढे तुफान सेनेत उतरून भाकरी खाणाऱ्यांपैकीही एक झाल्या. हणमंतवडियेचे भगवानराव मोरे-पाटील यांच्याशी त्यांचे लग्न लहान वयात झाले. तेही चळवळीतले. त्यामुळे सासरही पोलिसांच्या नजरेतून सुटले नाही.

भवानीनगरचा फार्स

हौसाताईंच्या गोष्टींपैकी सर्वांत जास्त सांगितली जाते ती भवानीनगरच्या पोलीस ठाण्याची. साल १९४३. सेनेला रायफली हव्या होत्या. ठाण्यावरचे पोलीस बाहेर यावेत यासाठी एक नाटक ठरले. हौसाताई आणि नवऱ्याचे सोंग घेतलेला एक साथीदार भांडत भांडत ठाण्यासमोर आले. त्याने तिला मारायला सुरुवात केली आणि शेवटी मोठा दगड उचलून तिच्या डोक्यावर धरला. बाई मरते की काय म्हणून पोलीस धावत बाहेर आले, दोघांना सोडवू लागले, त्यांची समजूत घालू लागले. तेवढ्या वेळात मागच्या साथीदारांनी आत शिरून रायफली आणि काडतुसे उचलली. म्हातारपणी ही हकिगत सांगताना हौसाताईंची तक्रार एवढीच असे की गड्याने सोंग करताना खरोखरीचे मारले. त्यावर त्याचे म्हणणे की खरे वाटायला हवे होते.

ऐकणारे हसतात. मलाही पहिल्यांदा हसू आले. नंतर विचार करताना जाणवले की हा बेत एका गोष्टीच्या भरवशावर रचला होता. नवरा भर रस्त्यात बायकोला मारतो याचे तेव्हा कोणाला नवल वाटत नसे. हे सोंग कोणालाही खरे वाटले असते. गडबड सुरू होताच पोलिसांना हा दरोडा असेल असे सुचलेच नाही. त्यांना ते रोजचे दृश्य वाटले, फक्त आज जरा जास्त झाले एवढेच. मधे पडून ‘नांदा सौख्यभरे’ सांगण्याचे काम त्यांनी लगेच अंगावर घेतले. शेतकरी बाईच्या आयुष्यात जे दुःख इतके नेहमीचे होते की त्याकडे कोणी वळूनही पाहू नये, तेच हौसाताईंच्या सेनेने हत्यार म्हणून वापरले. या बेताची कल्पना कोणाची हे महत्त्वाचे नाही. मार खाण्याचे काम एका सतरा वर्षांच्या मुलीचे होते, आणि तो मार खरा होता.

दुसरी गोष्ट १९४४ ची. हत्यारांच्या कामासाठी गोव्यात गेलेले सेनेचे बाळ जोशी पोर्तुगीजांच्या तुरुंगात अडकले होते. त्यांना बाहेर काढायचे होते, आणि पोलिसांच्या हाती न लागलेली हत्यारे परत आणायची होती. हौसाताई जोशींची बहीण म्हणून पणजीच्या तुरुंगात भेटीला गेल्या. सुटकेचा बेत लिहिलेला कागद अंबाड्यात लपवला होता. परतीच्या वाटेवर पोलिसांचा पहारा वाढला, म्हणून जंगलातून चालणे आले. वाटेत मांडवी नदी आडवी आली आणि होडी नव्हती. हौसाताईंना नदी पार करण्याइतके पोहता येत नव्हते. लाकडाच्या एका पेटीवर पालथे पडून त्यांनी ती ओलांडली, साथीदार पेटीच्या आजूबाजूने पोहत होते. पुढे तेरा दिवस रानातून पायपीट. घरी पोचायला एकूण पंधरा दिवस लागले.

इथेही वापरली गेली ती बाईची नेहमीची ओळख. तुरुंगात भावाला भेटायला आलेली खेड्यातली बहीण. तिच्या अंबाड्यात हात घालून पाहावे असे पहारेकऱ्याला वाटले नाही. धान्य निवडताना, पाटी डोक्यावर घेताना, गोठ्यात वाकताना बाईचा अंबाडा सैल होतो आणि ती तो पुन्हा बांधते. त्यात काही लपवण्याची सवय तिला नवीन नसते. सुपारी, सुई, दोन आण्यांची पुडी. घरात स्वतःचा पैसा नसलेल्या बाईची ती तिजोरीच.

पेन्शनच्या अर्जातली रकाने

स्वातंत्र्यानंतर नाना पाटील शेतकरी-कामगारांच्या राजकारणात राहिले. १९५७ साली उत्तर साताऱ्यातून आणि १९६७ साली बीडमधून ते लोकसभेवर गेले. ६ डिसेंबर १९७६ रोजी त्यांचे निधन झाले. हौसाताई संसाराला लागल्या. शेती, जनावरे, मुले, येणारे-जाणारे. चळवळीतल्या माणसाच्या घरी उंबरठा कधी रिकामा नसतो, आणि बाहेरगावहून आलेल्या कार्यकर्त्याला जेवल्याशिवाय जाऊ द्यायचे नसते. रायफलीची गोष्ट एका दुपारची. हे काम पुढची पन्नास-साठ वर्षे चालू होते.

त्याची नोंद कशी व्हावी? केंद्र सरकारने १९७२ साली स्वातंत्र्यसैनिकांसाठी पेन्शन योजना आणली आणि १९८० साली ती विस्तारली. पात्रतेच्या अटी पाहण्यासारख्या आहेत. तुरुंगवास हवा, पुरुषांसाठी किमान सहा महिने, स्त्रियांसाठी तीन. किंवा भूमिगत राहिल्याचा पुरावा हवा. म्हणजे फरारी म्हणून जाहीर झालेले असणे, डोक्यावर बक्षीस लागलेले असणे किंवा अटकेचा हुकूम निघालेला असणे. थोडक्यात, ज्याची दखल इंग्रज पोलिसांच्या दफ्तराने घेतली तो स्वातंत्र्यसैनिक. शत्रूच्या कागदावर नाव असेल तर आपल्या कागदावर चढेल. या चाळणीतून भाकरी देणारी बाई खाली पडणारच, कारण तिच्या कामाचे यशच असे की ते पोलिसांना कळू नये. ती पकडली गेली नाही, याचाच अर्थ तिने काम चोख केले.

हे केवळ साताऱ्याचे नाही. ‘द लास्ट हीरोज’मध्येच पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यातल्या चेपुआ गावच्या भवानी महातो भेटतात. त्यांचे पती बैद्यनाथ महातो ‘चले जाव’ चळवळीत वर्षाहून अधिक काळ तुरुंगात होते. भवानीबाई शेत कसत होत्या, मोठ्या एकत्र कुटुंबाचा स्वयंपाक करत होत्या आणि रानातल्या भूमिगतांनाही रांधून घालत होत्या. मुलाखत घ्यायला आलेल्यांना त्यांनी ठासून सांगितले की स्वातंत्र्यलढ्याशी आपला काही संबंध नव्हता, आपण फक्त स्वयंपाक केला. हा विनय नव्हे. पन्नास-साठ वर्षे आजूबाजूच्यांनी, सरकारने आणि इतिहासाने तिला जे सांगितले तेच ती परत सांगत होती.

कृष्णाकाठी या भिंतीला धडका देणाऱ्याही होत्या. कासेगावच्या इंदुताई पाटणकर (१९२५–२०१७) प्रतिसरकारच्या कामासाठी लहान वयात घराबाहेर पडल्या. बाबूजी पाटणकरांशी त्यांचे लग्न झाले. १९५२ मध्ये बाबूजींचा खून झाला. इंदुताईंनी मुलगा वाढवला आणि पुढे नवऱ्याने टाकलेल्या बायकांच्या, म्हणजे परित्यक्तांच्या चळवळीत त्या उभ्या राहिल्या. रेशन कार्डावर या बायकांचे स्वतंत्र नाव असावे, त्यांना घर आणि जमीन मिळावी, या मागण्या तिथून आल्या. प्रतिसरकारने १९४३ मध्ये घरगुती तंट्यात हात घातला होता. चाळीस वर्षांनी त्या कामाचा धागा इंदुताईंनी पुढे नेला, असे मला वाटते.

नाव कुठे लिहायचे

शेतकरी बाईच्या नावाचा प्रश्न महाराष्ट्रात उघडपणे मांडला गेला तो नोव्हेंबर १९८६ मध्ये, नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला. शेतकरी संघटनेच्या महिला अधिवेशनाला तिथे प्रचंड संख्येने बायका जमल्या. शरद जोशींनी पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली. नवऱ्याने आपल्या जमिनीचा काही हिस्सा बायकोच्या नावे करावा, आणि ज्या गावात शंभर शेतकरी असे करतील ते लक्ष्मीमुक्तीचे गाव. अनेक गावांनी ते केलेही. घरातल्या लक्ष्मीचे ऋण फेडायचे तर सातबाऱ्यावर फेडा, इतकी सरळ ही मागणी होती.

तरीही २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या शेतजमिनीच्या वहितीधारकांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे १४ टक्केच निघाले. शेतातली बहुतेक निंदणी, खुरपणी, लावणी आणि काढणी कोण करते हे कोणत्याही बांधावर उभे राहून दिसते. मालकीचा कागद आणि बांधावरचे दृश्य यांच्यातले अंतर हे असे.

हौसाताईंच्या बाबतीत हे अंतर एका विचित्र तऱ्हेने दिसते. १९४२ ची जप्ती झाली ती नाना पाटलांच्या मालमत्तेवर. सरकारी कागदाच्या लेखी हानी नानांची. प्रत्यक्षात ज्यांच्या ताटातले मीठ गेले त्या आजीचे आणि नातीचे त्या मालमत्तेवर नावच नव्हते. जे आपले म्हणून कुठे लिहिलेले नाही ते आपले हिरावले गेले, असे सांगायचे तरी कसे?

शेवटची वर्षे

अखेरच्या काळात हौसाताई विट्याला राहत. जून २०१७ मध्ये तुफान सेनेच्या हयात सैनिकांचा कुंडलला सत्कार झाला, त्यात त्या होत्या. नोव्हेंबर २०१८ मध्ये देशभरातले शेतकरी दिल्लीत संसदेवर मोर्चा घेऊन निघाले, तेव्हा ब्याण्णव वर्षांच्या हौसाताईंना प्रवास झेपणारा नव्हता. त्यांनी चित्रफितीतून पाठिंबा पाठवला. तब्येत बरी असती तर आपणही आलो असतो, असे त्यात होते, आणि सरकारने झोपेतून उठावे, अशी ताकीदही. शब्द साधे, सूर घरातल्या वडीलधाऱ्या बाईने पोरांना दटावल्याचा. २३ सप्टेंबर २०२१ रोजी त्यांचे निधन झाले. त्या वेळी दिल्लीच्या सीमांवर शेतकऱ्यांचे आंदोलन सुरू होते, आणि त्या तंबूंमागेही मोठमोठ्या चुली पेटत होत्या.

वृत्तपत्रांच्या मृत्युलेखांत भवानीनगर आणि मांडवी दोन्ही होते. ते योग्यच. माझे म्हणणे इतकेच की उंबराच्या दोड्या, ताकारीची खेप आणि न मिळालेले मीठ हेही त्याच इतिहासाचे भाग आहेत. रायफली पळवायला एक दुपार पुरली. त्या पळवणाऱ्यांना तीन वर्षे जिवंत ठेवायला शेकडो चुली लागल्या, आणि त्यांपैकी एका चुलीची तोंडी नोंद आपल्याकडे राहिली ती ही बाई पंचाण्णव वर्षे जगली आणि तिला कोणीतरी वेळेवर विचारले म्हणून.

विचारायचे काम अजून बाकी आहे, आणि ते कृष्णाकाठापुरते नाही. गोखिवऱ्यात आणि पूर्वेच्या पाड्यांवर राब भाजलेल्या, आवण लावलेल्या, भाजीची पाटी घेऊन पहाटेची गाडी पकडलेल्या बायका आज ऐंशीच्या पुढे आहेत. गावच्या लग्नाला, जत्रेला, बारशाला, बाराव्याला न बोलावता जाऊन शंभर माणसांचा भात रांधणाऱ्या याच. त्यांना ‘तुम्ही समाजासाठी काय केले’ असे विचारले तर ‘काही नाही’ असेच उत्तर येईल, जसे चेपुआत आले. म्हणून प्रश्न बदलायला हवा. भात किती पायली शिजायचा? तांदूळ कोणाच्या घरचा असायचा? लावणीच्या दिवसांत तान्हे मूल कोणाकडे ठेवायचात? पाटीचे भाडे गाडीत किती पडे, आणि दादरला भाव काय मिळे? जमीन विकली तेव्हा कागदावर सही कोणाची होती? हौसाताईंना बैलगाडीचे दर सत्तरहून अधिक वर्षांनी आठवत होते. इथल्या बायकांनाही आठवत असतील. वही घेऊन बसायला मात्र फार वर्षे उरलेली नाहीत.